पिअर्सन शिष्यवृत्ती : ‘पद नव्हतं, तरी अर्ज करू का?’

कॅनडातलं टोरांटो विद्यापीठ बारावीनंतरच्या परदेशी विद्यार्थ्यांना लेस्टर बी. पिअर्सन शिष्यवृत्ती देतं. दरवर्षी जगभरातून साधारण ३७ जणांची निवड होते. चार वर्षांची फी, पुस्तकं आणि राहण्याचा खर्च मिळतो. निवडीत गुणांसोबत नेतृत्वही बघतात. तिच्याबद्दल आलेले काही प्रश्न.

मुलीला दहावीला ९६ टक्के आहेत, पण ती कधी मॉनिटरही नव्हती. ‘नेतृत्व’ म्हणून काय दाखवायचं? (पालक, पिंपळगाव बसवंत)

पद नसलं तरी काही बिघडत नाही. तुमच्यामुळे शाळेत किंवा गावात काय बदललं, हे तिथे बघतात. माझ्याकडे एक मुलगी चौदा प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आली होती. निबंधात त्या चौदांची यादीच होती. बोलता बोलता कळलं, प्रॅक्टिकल सव्वापाचला संपायचं आणि गावाकडची शेवटची बस पाचला सुटायची. हिने शंभरपानी वहीत ४३ मुलींच्या सह्या घेतल्या, तीनदा आगारात गेली आणि बस साडेपाचला करून घेतली. “हे लिहायचं असतं होय?” म्हणाली. हेच लिहायचं असतं! तुमच्या मुलीला निवांत बसवून विचारा, असं काहीतरी सापडेलच.

मी अकरावी सायन्सला आहे. कॉलेजने नाव पाठवावं लागतं म्हणे. आमच्या कॉलेजला याची माहितीच नाही. (विद्यार्थी, गंगापूर रोड)

खरं आहे, नामांकन कॉलेजच करतं आणि तेही एकाच विद्यार्थ्याचं. मुलं नेमकी इथेच अडतात. बारावीच्या दिवाळीपर्यंत वाट पाहू नकोस, ही प्रक्रिया बोर्डाच्या परीक्षेच्या बरीच आधी उरकते. अकरावीचा निकाल लागला की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची माहिती छापून घे आणि प्राचार्यांना भेट. बहुतेक प्राचार्य मदतच करतात, पण कागद हातात ठेवावा लागतो.

आणखी एक. इंटिग्रेटेड क्लास लावून कॉलेजात फक्त हजेरीपुरतं नाव असेल, तर तुझ्याबद्दल दोन ओळी मनापासून लिहू शकेल असे सर-मॅडम तिथे कोण? नाशिकमध्ये हुशार मुलांचं यात फार नुकसान होताना मी पाहते, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. आठवड्यातून दोन दिवस तरी कॉलेजात जा, प्रयोगशाळेत दिस, सरांना शंका विचार.

यातून एमबीबीएस करता येईल का? (पालक, सिडको)

नाही. ही शिष्यवृत्ती बारावीनंतर थेट प्रवेश मिळणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांसाठी आहे. तिथे मेडिकलला पदवीनंतर जातात. आणि ती फक्त टोरांटो विद्यापीठातच चालते.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी संधी गेली का? (विद्यार्थिनी, निफाड)

पिअर्सनची गेली. पण पदवीनंतर ऑक्सफर्डची ऱ्होड्स आणि केंब्रिजची गेट्स शिष्यवृत्ती आहे. तिथेही गुणांसोबत नेतृत्व आणि समाजासाठीचं काम बघतात. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध घटकातली असशील, तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघ. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून आत्ताच काढायला टाक, कारण ऐन वेळी मुलं दाखल्यांपायीच अडकतात.