मला पोहता येत नाही. मालवणला स्कूबा करताना काही झालं तर जबाबदारी कुणाची, माझी की त्यांची?

पोहता येत नाही ही अडचणच नाही, ते आधी सांगून टाकतो. पहिल्यांदा येणाऱ्यांना मालवण-तारकर्लीला खाली नेतात तेव्हा इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. उलट आमच्याकडच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. पण तुम्ही जबाबदारीचं विचारलंत, आणि नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या घरात अजून धुसफुस चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही कोल्हापूरचे. डिसेंबरात सगळं खटलं घेऊन गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला गेलो होतो. ताई, दाजी, दाजींचे भाऊ, पोरंटोरं. मी आधीच ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स रीतसर केलेला, बाकी सगळे नवखे. होडीत बसायच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. दमा आहे का, हृदयाचा त्रास, फिट, कानाचं ऑपरेशन, चालू असलेली औषधं. सगळा इंग्रजीत. आमच्यातल्या एका पोरानं सगळ्यांचे फॉर्म मांडीवर घेतले आणि वरपासून खालपर्यंत 'नो'वर टिका मारत सुटला. दाजींनी न वाचता सही ठोकली. त्यांच्या शर्टाच्या खिशातून बीपीच्या गोळ्यांची पट्टी अर्धी बाहेर आली होती.

मी म्हटलं, "दाजी, गोळीचं लिहा की."

"लिहिलं तर सोडतील का मला? आणि खोल तरी किती? आठ मीटर. आमच्या मळ्यातली विहीर ह्याच्यापेक्षा खोल हाय. पुरात पंचगंगा पार करणारा माणूस मी, मला काय शिकवतोस?"

मी सरळ जाऊन इन्स्ट्रक्टरला सांगितलं. त्यानं डॉक्टरची चिठ्ठी मागितली, ती नव्हती. सगळे खाली जाऊन मासे बघून आले आणि दाजी होडीतच बसून राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलेना. "चारचौघांत त्यांचा अपमान केलास," हे ताईचं वाक्य मी आजतागायत ऐकतोय. "विचारायचं काम स्कूबावाल्यांचं होतं, तू कशाला मध्ये पडलास?" हे दुसरं.

विहिरीचं आधी निकालात काढतो, कारण हे कोल्हापुरात अनेकांच्या तोंडून ऐकलंय. विहिरीत तुम्ही वरची हवा छातीत भरून बुडी मारता. ती हवा खाली दबते आणि वर येताना जेवढी होती तेवढीच होते. स्कूबात पाठीवर हवेची टाकी असते, तिची गोष्ट वेगळी. १० मीटरवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो, आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीला जोडलेलं तोंडात धरायचं यंत्र, त्याच दाबाची हवा तुम्हाला देतो. तिथं छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी १० मीटरही लागत नाहीत, दीड-दोन मीटरवरूनही इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. आणि लहानपणापासून नदीत बुड्या मारलेल्या माणसाला घाबरल्यावर पहिलं काय सुचतं? दम धरायचा आणि वर झेपावायचं.

बीपीचंही तसंच. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. बीपी असलेल्यांच्या फुप्फुसात पोहताना किंवा डाईव्हमध्ये पाणी साठण्याचा धोका जास्त असतो. डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयाच्या तक्रारींचा वाटा मोठा आहे. खोली आठ मीटर की अठरा, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आता तुमचा प्रश्न. टाकी, हवा, रेग्युलेटर, होडी, आणि खाली तुमच्याजवळून न हलणं ही त्यांची जबाबदारी. त्यात हयगय दिसली तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नका. पण तुमच्या छातीत, कानात आणि खिशात काय आहे, हे इन्स्ट्रक्टरला बघून कळत नाही. तो फॉर्म हाच त्याचा डोळा आहे. तिथं खोटी टीक मारून मग 'जबाबदारी त्यांची' म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही. कोर्टात काय ठरतं तो वकिलांचा विषय.

सर्दी असेल तर जाऊ नका. नाक मोकळं करायची गोळी खाऊन तर नकोच, तिचा असर खालीच उतरला तर वर येताना कान अडकतो. कान पहिल्या दोन-तीन मीटरपासूनच मोकळे करत जायचे, दुखायची वाट बघायची नाही. आणि खाली कॅमेऱ्याकडे बघून अंगठा वर करू नका, त्या खुणेचा अर्थ 'मला वर जायचंय' असा आहे. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनीचा गोल. मात्र नकोसं वाटलं तर तोच अंगठा बिनधास्त दाखवा. कारण सांगावं लागत नाही, आणि त्याबद्दल कुणी हसलं तर हसू दे. आणि खोलीची हद्द कोर्स केलेल्यांनाही आहेच. ओपन वॉटरवाल्यानं १८ मीटर, त्यापुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स केलेल्यानं ३० मीटरच्या खाली जायचं नाही, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. 'मला जमतं' म्हणून ती हद्द ओलांडणारे बहुतेक दाजींच्याच वळणाचे असतात.

एक राहिलं. बीपी म्हणजे कायमची बंदी नव्हे. औषधानं आटोक्यात असेल आणि डॉक्टरनं लेखी दिलं तर बरेच जण डाईव्ह करतात. दाजींना मी हे त्याच दिवशी सांगितलं होतं, तपासणीला सोबत येतो असंही म्हटलं होतं. ते गेले नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा कोरी सही केली तर मी पुन्हा जाऊन सांगणार, ताईला हे माहीत आहे.

परत कोल्हापूरला येणार असाल तर घाटाचंही विचारून घ्या, कारण डाईव्हमध्ये अंगात मुरलेला नायट्रोजन लगेच उंचीवर गेलं तर बुडबुडे होऊन त्रास देऊ शकतो. आपलं गाव सुमारे ५५० मीटर उंचीवर, घाटमाथा त्याहून वर. उथळ पाण्यातल्या एका डाईव्हनंतर काळजी नाही, पण दिवसभर खोल डाईव्ह केल्या असतील तर रात्री मालवणलाच मुक्काम करा. विमान असेल तर एका डाईव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाईव्ह असतील तर १८ तास जाऊ द्या.