एकच संच म्हणजे नर, हे सूत्र पुरेसं नाही

मधमाशीचं लिंग कसं ठरतं हे नव्याने शिकताना ‘अफलित अंड्यातून नर, फलित अंड्यातून मादी’ एवढं पाठ करून थांबू नका. मधमाशीच्या नरात १६ म्हणजे गुणसूत्रांचा एक संच आणि मादीत ३२ म्हणजे दोन संच असतात हे खरं, पण संचांची मोजदाद लिंग ठरवत नाही.

आधी सीएसडी हे लिंग ठरवणारं जनुक नीट समजून घ्या. मधमाशीत ते २००३ मध्ये सापडलं. त्याची अनेक रूपं असतात. अंड्यात दोन वेगळी रूपं आली तर मादी. एकच रूप असेल तर नर. अफलित अंड्यात एकच प्रत असते, म्हणून तिथे नरच होतो.

आता कागद घ्या आणि राणीची रूपं क, ख लिहा. तिच्याशी मीलन करणाऱ्या नराचं रूप क धरा. निम्मी फलित अंडी कक निघतील, म्हणजे दोन संच असूनही नर! कामकरी माश्या अशा अळ्या अंड्यातून बाहेर येताच खाऊन टाकतात आणि पिलाव्यात, म्हणजे पोळ्याच्या अळ्या वाढवायच्या भागात, रिकामी घरं विखुरलेली दिसतात. जवळच्या नात्यातल्या नरात राणीचंच रूप असण्याची शक्यता जास्त, म्हणून अशा संकराचा खरा धोका हा आहे. मला स्वतःला हा विषय कळला तो हे कोष्टक हाताने मांडल्यावरच.

मात्र हाच नियम सगळीकडे लावू नका. नासोनिया या परजीवी गांधीलमाशीत सीएसडी नाही. तिथे बापाकडून आलेल्या संचातलं वोम हे जनुक चालू होतं आणि मादी घडते. आईकडून आलेली त्याची प्रत गप्पच असते. मधमाशी पक्की झाली की मगच तिकडे वळा.