‘ख्लेप’ म्हणजे भाकरीच

प्रश्न : माझी आजी ९१ वर्षांची आहे. तिचं माहेर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं. आमच्या लहानपणी ती ‘पोलीस क्यांप’च्या गोष्टी सांगायची आणि आम्हाला वाटायचं, हवालदारांबद्दल बोलतेय. पुढे कळलं, ते ‘पोलिश’ होते. आईबरोबर भाजीची पाटी घेऊन ती कॅम्पात जायची. तिथली एक बाई पावाचे तुकडे फडक्यात बांधून उशाखाली ठेवायची, हे तिनं आम्हाला शंभरदा सांगितलंय. हल्ली ती भाकरी मागताना मध्येच ‘ख्लेप’ म्हणते. हा शब्द कुठला? शिवाय ती खूप घोळ घालते. त्या बायकांना जर्मनांनी हाकललं म्हणते, कधी म्हणते जामनगरच्या राजानं त्यांना वळिवड्यात आणलं. माझा मुलगा म्हणतो, सगळं इंटरनेटवर आहे, तू कशाला लिहून काढतेस? लिहू का? आणि विचारू कसं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘ख्लेप’ हा पोलिश शब्द आहे, अर्थ पाव. म्हणजे तुमच्या आजीनं ऐंशीएक वर्षं एक परका शब्द तोंडात जपला आणि तो नेमका भाकरीच्या जागी बसवला. हे इंटरनेटवर कुठंही नाही. मुलाला एवढंच सांगा.

आता घोळाचं. त्या बायकांना घराबाहेर काढलं ते सोव्हिएत सत्तेनं, म्हणजे रशियानं. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड दोन बाजूंनी चिरडला गेला, पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया. पूर्वेकडच्या पोलिश कुटुंबांना १० फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेलं गेलं. तिथं लाकूडतोड, थंडी आणि तोलून मिळणारा पाव. जेवढं काम, तेवढा तुकडा. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केल्यावर या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाच्या वर माणसं इराणला पोचली. कित्येक मुलं वाटेत आणि पोचल्यावर टायफसनं, हगवणीनं गेली. तिथून काहीजण कराचीमार्गे आपल्याकडे आले. वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८ अशी चालली. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या ओळी, त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना.

जामनगरची गोष्टही खरी आहे, पण ती वेगळी. तिथले राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उभारली, पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, त्यांच्या नावाचा चौक आहे. आजीच्या मनात दोन्ही छावण्या एक झाल्या, इतकंच. वहीत तिची चूक सुधारू नका. ती जे म्हणते ते तसंच उतरवा आणि खरं काय ते पानाच्या खाली वेगळ्या शाईनं लिहा. जर्मन की रशियन, हे तिनं मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकलेलं. पावाचं गाठोडं मात्र तिनं स्वतः बघितलेलं. लिहिताना या दोहोंत फरक ठेवा.

विचारू कसं, याबद्दल मला स्वतःची चूक सांगावी लागेल. माझा थोरला मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. इटलीत लढून परत आला. मी नववीत असताना शाळेतला इतिहास डोक्यात घेऊन त्याला विचारलं, ‘मामा, तू किती माणसं मारलीस?’ तो जेवता जेवता उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. मामी मला काही बोलली नाही, फक्त त्याचं ताट झाकून ठेवलं. त्यानंतर मामा माझ्याशी युद्धाबद्दल अवाक्षर बोलला नाही. तो गेल्यावर आईकडून कळलं ते एवढंच : डोंगरातल्या एका गावात एका म्हातारीनं त्याचे भिजलेले मोजे चुलीपाशी वाळत घातले आणि ओंजळभर भाजलेल्या चेस्टनट दिल्या. मामा म्हणायचा, ‘फणसाच्या आठळ्याच की गं, अक्का.’ उन्हाळ्यात आठळ्या भाजल्या की तो गप्प व्हायचा, त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा लागला.

पुढे मी इतिहास शिकवायला लागले तेव्हा कळलं, मे १९४४ मध्ये इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या लढाईत आपली मराठा पलटणही होती आणि पोलिश सैन्यही. १८ मे रोजी तिथल्या मठावर पोलिशांनी झेंडा लावला. त्या सैन्यातल्या काहींच्या बायकामुलं त्या वेळी वळिवड्यात टपालाची वाट बघत होती. तिकडे आमच्या मामासाठी मोजे वाळवणारी म्हातारी, इकडे तुमच्या पणजीची पाटी. हे मला मामा असताना जुळवता आलं असतं.

म्हणून सांगते, ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारू नका. स्वयंपाकघरात आजीला मेथी निवडायला द्या आणि पाटीबद्दल विचारा. पाटीत काय असायचं? कुठल्या वाटेनं जायचात? पायात काय होतं? वांगी वजनावर की नगावर? ती बाई हिशेब कसा करायची, बोटांवर? मोबाइल शेजारी ठेवून आवाज टिपा, पण नंतर हातानं उतरवा, तिच्याच बोलीत. ‘ठिवायची’चं ‘ठेवायची’ करू नका. आठ दिवसांनी तेच पुन्हा विचारा. निराळं सांगितलं तर दोन्ही लिहा. ती थांबली की तुम्हीही थांबा.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी कोपऱ्यात, तुम्ही आजीचं एक वाक्य लिहिलंय. आजी त्या गाठोड्याकडे टक लावून बघत होती तेव्हा तिच्या आईनं तिचा दंड धरला आणि म्हणाली, ‘उपाशी ऱ्हायलेलं मानूस हाय, बघू नगंस तिच्याकडं.’ ताई, ते कोपऱ्यात नको, वहीच्या पहिल्या पानावर हवं. भाजीचे पैसे तुमच्या पणजीनं घेतलेच असणार आणि घ्यायलाच हवेत, तिलाही पोरं होती. आपण त्यांना पोसलं, असं मोठं करून लिहू नका. पण ज्या बाईला सायबेरिया ठाऊक नव्हता, पोलंड ठाऊक नव्हता, तिनं एका अनोळखी बाईची लाज झाकली. माणुसकी म्हणून मला हेच दाखवता येईल.

जमलं तर आजीला कोल्हापूरच्या महावीर उद्यानात न्या. तिथं पोलिशांच्या आठवणीचा स्तंभ आहे. सकाळी न्या, ऊन व्हायच्या आत.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचे सिंधी. वळिवड्याच्या छावणीतले पोलिश गेल्यावर त्याच बराकींत माझ्या आजोबांचं कुटुंब राहिलं. पोलिश लोकांवर बातम्या येतात, पाहुणे येतात. आमच्या घरच्या गोष्टीला कोण विचारतं?
– एक वाचक, गांधीनगर

उत्तर : मी विचारते. फाळणीनं सिंध तुटलं आणि तुमची माणसं जवळ असेल ते उचलून निघाली. पोलिशांचंही काही फार वेगळं नव्हतं. युद्ध संपलं तरी त्यांची गावं रशियाकडेच राहिली, म्हणून वळिवड्यातले कितीतरी लोक मायदेशी न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला पांगले. एकांची गाडी गेली आणि दुसऱ्यांची आली, त्याच जागी. आज गांधीनगरच्या कापडपेठेत आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला येतो. तुमच्या लोकांनी ती पेठ कशी उभी केली हे आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही भाव विचारला आणि निघालो. ही आमची चूक आहे.

आजोबांच्या पिढीतलं घरात कुणी असेल तर याच आठवड्यात बसा. सिंधी शब्द सिंधीच ठेवा, मराठी अर्थ शेजारी लिहा. आणि पहिल्यांदा एवढंच विचारा : बराकीतल्या खोलीत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा आधीच्या माणसांचं तिथं काय उरलं होतं? भिंतीत खिळा, कोपऱ्यात फुलझाड, चुलीची राख, काहीही. उत्तर मला पाठवा. मी वाट बघतेय.