शेजारच्या काकूंनी नेतन्याहूंचा जबाब का द्यावा?

प्रश्न: ताई, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मुलाने गाझातल्या बॉम्बहल्ल्यांविरुद्ध लिहिलं. त्यावर एकाने ज्यूंबद्दल लिहिलं, ‘ही जातच तशी.’ दुसरा मुलावरच उखडला, ‘इस्रायलविरुद्ध बोलणं म्हणजे ज्यूंचा द्वेष.’ ग्रुपमध्ये आमच्या शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, काकूही आहेत. ‘आता तुम्ही बोला,’ असं कुणीतरी त्यांना म्हणालं, तशा त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. मुलाचं चुकलं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मुलाचं चुकलेलं नाही. त्याने लिहीत राहावं. चुकलं ते ‘ही जातच तशी’ म्हणणाऱ्याचं, आणि माझ्या मते त्याहूनही काकूंकडे जाब मागणाऱ्याचं.

बॉम्ब टाकायचा हुकूम कुणीतरी देतं, मदतीचे ट्रक कुणीतरी अडवतं. त्या माणसांना नावं असतात, पदं असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अटक वॉरंट काढलं ते इस्रायलचे पंतप्रधान नेतन्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्या नावाने. उपासमारीचा हत्यारासारखा वापर केल्याचा आरोप त्यात आहे. त्याच दिवशी हमासचा लष्करी प्रमुख महंमद दैफ याच्या नावानेही वॉरंट निघालं. ज्यूंवर किंवा पॅलेस्टिनींवर वॉरंट निघालं नाही.

काकूंचा यात काय संबंध? इस्रायल झालं १९४८ मध्ये. तुमच्या ठाण्यातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ चं आहे. कोकणात ही माणसं त्याच्याही कितीतरी आधीपासून तेलाचे घाणे चालवत होती, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. काकू मत देतात ते इथे. शिवाय २००८ मध्ये मुंबईत दहशतवाद्यांनी नरिमन हाउस या ज्यू केंद्रात घुसून धर्मगुरू होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नीला मारलं, ते ज्यू होते म्हणूनच. ज्यांनी ते दिवस इथे काढले, त्यांना ‘आता तुम्ही बोला’ हे साधं वाक्य वाटत नाही.

मुलावर उखडलेल्या गृहस्थांना मात्र बेने इस्राएलांचीच एक हकीकत सांगा. इथून इस्रायलला गेलेल्या या कुटुंबांच्या मागे १९६० च्या दशकात तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीने लग्नाआधी वंशाची चौकशी लावली. घरात मराठी बोलणारी ही माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत, असं क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, जाहीर करावं लागलं. ही माणसं ज्यूद्वेष्टी होती? २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेतल्या बदलांविरुद्ध दर शनिवारी तेल अवीवच्या रस्त्यावर उतरणारे इस्रायली ज्यूद्वेष्टे होते?

मुलाने एक पथ्य पाळावं. ‘जगाचा सगळा पैसा त्यांच्याच हातात’ असलं काही ज्यूंबद्दल ग्रुपवर आलं, की पाठवणारा त्याच्याच बाजूचा असला तरी त्याला तिथेच हटकावं. त्या वाक्यात गाझातलं एकही मूल नाही.

आणि तुम्ही काकूंकडे जाऊन या. त्यांना गाझाबद्दल विचारू नका. त्यांनी आपणहून विषय काढला तर ऐका. त्यांचं मत मुलापेक्षा वेगळं असेल, तो त्यांचा हक्क आहे. पण त्याआधी ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहा, की त्यांच्याकडे जाब मागणं चूक होतं. हे मुलावर सोपवू नका.