आई म्हणते, पोराला शॉक देऊन पागल करतील

अगं, आधी घाईचं बोलते. तुझा भाऊ पाणीसुद्धा नीट पीत नसेल किंवा मरणाचं बोलत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नको, त्याला एकटं सोडू नको, तू नागपुरात मानेवाड्याला राहतेस म्हणजे मेडिकल, सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जवळच आहे, सरळ कॅज्युअल्टीला ने. रात्रीबेरात्री काही सुचलं नाही तर 14416 ला फोन लाव, टेलीमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता तुझ्या पत्राचं. भाऊ 26 वर्षांचा, डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत पण फरक नाही, जेवण सुटत चाललंय, एका जागी बसून राहतो, बोलत नाही. डॉक्टरांनी ईसीटी सांगितली, म्हणजे डोक्याला थोडा करंट देऊन करायचा उपचार, आणि आई रडून राहिली की "माह्या पोराले शॉक देऊन पागल करून टाकतीन". बाबा गप्प. आणि तू लिहितेस की सिनेमातला तो सीन तुझ्याही डोळ्यापुढून हटत नाही.

तो सीन आपण सगळ्यांनीच पाहिलाय. लोखंडी खाट, चामड्याचे पट्टे, तडफडणारा माणूस, आणि बटण दाबणारा डॉक्टर व्हिलनशी मिळालेला. तिथे शॉक म्हणजे शिक्षा असते, कोणी बरं व्हावं म्हणून दिलेला नसतो. मला याचा खरंच राग येतो, कारण तेच बघितलेली आई आज पोराच्या उपचाराच्या आड उभी आहे, आणि यात तिचा काही दोष नाही गं, तिला दुसरं काही कोणी दाखवलंच नाही.

1938 मध्ये इटलीत हे सुरू झालं तेव्हा भूल न देताच द्यायचे, झटक्याने हाडंही मोडायची. डॉक्टर लोक कधीचे पुढे गेले, सिनेमा तिथंच अडकला. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही.

आईला असं सांग: रात्रीपासून उपाशी ठेवतात, सकाळी हाताला सुई लावतात, त्यातून भुलीचं औषध जातं आणि तो झोपतो. दातांमध्ये रबराचा तुकडा ठेवतात, काही सेकंद करंट, साधारण मिनिटभराची फिट जी फक्त मशीनवर आणि पायाच्या बोटांच्या हलण्यात दिसते. थोड्या वेळात जाग येते, डोकं दुखतं, जरा गोंधळल्यासारखं होतं. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेकांना 6 ते 12 वेळा. विसरायला होतं हे खरं आहे, त्या दिवसांतल्या गोष्टी विसरतात, काहींना मागचंही थोडं आठवत नाही, बरंचसं हळूहळू परत येतं पण सगळं येईलच असं नाही. हे आईपासून लपवू नको, लपवलेलं तिला नंतर कळलं तर तुझ्यावरचा विश्वास उडेल. पण खाणंपिणं सोडलेल्या, बोलणं थांबलेल्या पेशंटला याने बऱ्याचदा लवकर आराम पडतो, म्हणून डॉक्टर म्हणताहेत.

शेजारच्या काकू म्हणाल्या ना की असे पोरं अंगावर येतात? तेही सिनेमातलंच, तिथे खून करणारा शेवटी मनोरुग्ण निघतो. तुझ्या भावाला ताटातला घास उचलवत नाही, तो कोणाच्या अंगावर येणार बाप्पा. काकूंना उत्तर देत बसू नको, वेळ नाही तुझ्याकडे.

सिनेमाच बघायचा तर पुढे कधीतरी आईसोबत "कासव" बघ, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, त्याला सुवर्णकमळ मिळालंय. त्यात डिप्रेशनमधल्या मुलाला कोणी पागल म्हणत नाही, त्याला घरात ठेवून घेतात आणि धीर धरतात.

पण आधी ओपीडीत आईबाबांना सोबत ने. तू बोलू नकोस, आईलाच विचारू दे की भूल कोण देणार, आधी कोणत्या तपासण्या, किती वेळा, काय विसरेल. बाबांनाही एक प्रश्न विचारायला लाव, गप्प बसलेत म्हणजे घाबरले नाहीत असं नाही. आणि भावाशीही बोला, त्याच्याजवळ बसून नीट सांगा काय करणार आहेत ते, तो बोलत नसला तरी ऐकत असतो.