टोमॅटो मेले, आता काय?

प्रश्न: ताई, मी ठाण्यात सातव्या मजल्यावर राहते, वर्क फ्रॉम होम चालू आहे. मार्चमध्ये घरात सगळ्यांना कोविड होऊन गेला, आता बरे आहोत पण मन कशातच लागत नाही, सारखी धडधड होते आणि मी फोनवर बातम्या बघत बसते. सगळे म्हणाले झाडं लाव, मन रमेल. टोमॅटोची चार रोपं लावली, चारही गेली. आता बाल्कनीत जावंसंच वाटत नाही. माझ्याच हातून असं का होतं?

उत्तर: अगं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. पाणी किती वेळा घालत होतीस ते सांग आधी! लॉकडाऊनमध्ये माझंही हेच झालं, घरातच असायचे म्हणून दर मीटिंगनंतर तांब्या घेऊन बाल्कनीत, मुळांना हवाच मिळेना, कुजली बिचारी. (खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर गळायचं ते वेगळंच.) मातीत बोट खुपसून बघ, आत ओल लागली तर पाणी नको.

आणि टोमॅटो म्हणजे दोन-अडीच महिने वाट बघणं, वर पांढऱ्या माशीची कीड. सध्या आपल्यात तेवढा दम आहे कुठे? घरातली मूठभर मेथी रात्री भिजव, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाड, माती भरून त्यावर मेथी पसर आणि वर मातीचा पातळ थर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती जरा उचलली जाते, खालून वाकलेल्या माना दिसतात, एखाद्याच्या डोक्यावर बीचं साल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते बघायला मी तोंडात ब्रश तसाच ठेवून गेले आणि त्या दिवशी सकाळच्या बातम्या बघायच्याच राहिल्या.

नेदरलँड्समधला २०११ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, लोकांना आधी मुद्दाम टेन्शन येईल असं काम दिलं, मग काहींना अर्धा तास बागकाम, काहींना वाचन. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दोघांचंही उतरलं, पण बागकामवाल्यांचं जास्त, आणि मूडही त्यांचाच ताळ्यावर आला. पीक किती आलं हे कोणी विचारलंच नव्हतं.

धडधड मात्र झाडांवर सोडू नकोस, कोविडनंतर ती शरीराचीही असू शकते, डॉक्टरांना दाखव, झोप लागत नसेल तर तेही सांग त्यांना.

त्या चार कुंड्यांतली माती फेकू नकोस हं, उन्हात पसरून चांगली वाळव, मेथीला चालेल.