घोरणं आणि स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास अडणं) रात्री दातांवर लावायचं जबड्याचं डिव्हाइस नवीन लागलंय? आधी एवढंच बघ

अरे घाबरू नकोस, पहिले आठ-दहा दिवस लाळ गळणं, दात आवळल्यासारखे वाटणं, सकाळी चहाबरोबर बिस्किट चावताना दात नीट न जुळणं, हे सगळं मलाही झालं होतं आणि सकाळचं ते दात न जुळणं बहुतेकांचं तासाभरात जागेवर येतं. डेंटिस्टने सकाळचे जबड्याचे व्यायाम दिले असतील तर ते चुकवू नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. खालचा जबडा पुढे आला की जीभ मागे पडत नाही, घसा उघडा राहतो, म्हणून लोक जबडा पुढे सरकवणारा डिव्हाइसचा स्क्रू एकदम चार-पाच वेळा फिरवतात आणि मग कानापुढचा सांधा असा ठणकतो की डिव्हाइस कपाटात जातं! डॉक्टर सांगतील तेवढंच फिरव, दुखलं तर थांबून फोन कर.

- ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं स्वस्तातलं घेऊ नकोस, मापाचंच हवं
- गार पाण्याने धू, उकळतं पाणी नको, आकार बिघडतो

आणि घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया गेला असं नाही रे, डिव्हाइस लावून परत स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची रात्रभराची तपासणी) करच. तुझा एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ३० च्या वर असेल तर आधी सीपॅपबद्दल (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) डॉक्टरांशी बोल.